'का नाही'चं बटण

सोमवार, ४ मार्च

ताई,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची असते, पण मी रागावले आहे, म्हणून सध्या अर्धाच नमस्कार घे. उरलेला राग गेल्यावर पाठवीन.

तुझं तिकीट मिळालं. अठ्ठावीस एप्रिलचं, खिडकीजवळचं, फक्त जाण्याचं. परतीचं काढलं नाहीस हे माझ्या लक्षात आलं आहे. फोनवरच उत्तर दिलं असतं, पण फोनवर तू बोलतेस आणि मी हुं हुं करते, आणि शेवटी तू म्हणतेस, "म्हणजे ठरलं तर." माझ्या आयुष्यात आजवर जे जे ठरलं ते असंच ठरलं. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

तर ऐक. मी येत नाहीये. चार दिवस पाहुणी म्हणून येईन, नातीचे लाड करीन, सूनबाईंच्या हातचं खाईन. पण बोचकं बांधून, मागचं दार लावून, उरलेलं आयुष्य तुझ्या मुलाच्या घरातल्या मधल्या खोलीत काढायला मी येत नाहीये.

काल नव्या मालकांचा माणूस आला आणि बाबांनी स्वतः रंगवलेली 'दात व कवळ्या' ही पाटी उतरवून गेला. भिंतीवर पाटीएवढा पांढरा चौकोन राहिला आहे. कार्यशाळा त्यांची झाली, वरच्या आपल्या खोल्या एप्रिलअखेर सोडायच्या आहेत, हे सगळं मला मान्य आहे. तू विकलंस आणि मुलाकडे राहायला गेलीस याचा मला राग नाही. दंतवैद्य आता साचे पाठवत नाहीत, तोंडात कॅमेरा फिरवतात आणि यंत्र दात छापून देतं. आपण दोघी असे किती दिवस दात कोरून पोट भरणार होतो?

राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. सह्या करताना ते गृहस्थ म्हणाले, "धाकट्या बाईंचा हात फार चांगला आहे. आमच्याकडे येतील का?" मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तू माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. म्हणालीस, "ती? छे. तिला माणसांत जमत नाही. ती माझ्याकडे राहील."

मी चहा ठेवला आणि आत गेले. त्या चहात साखर नव्हती. तू विचारलं नाहीस, पण आज सांगते, ती विसरले नव्हते.

आज सकाळी मी रोजगार कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर जाऊन आले. तिथे मोठ्या माणसांसाठी व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र आहे. काम सुटलेले, कामाला कंटाळलेले आणि माझ्यासारखे, ज्यांचं काम त्यांना सोडून गेलं असे लोक तिथे येतात. आधी संगणकापुढे बसून प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग समुपदेशकाशी बोलायचं. समुपदेशक सदतीस-अडतीसचे असतील. त्यांच्या पुढच्या दोन दातांत अशी फट आहे की बोलताना माझं सगळं लक्ष तिथेच. त्यांनी ते ओळखलं. म्हणाले, "बुजवणार होतो, पण बायको म्हणाली, फट बुजवलीस तर घरात घेणार नाही." मनातल्या मनात मी त्यांना फटवाले म्हणते.

शनिवारी परीक्षा आहे. तुला आवडणार नाही हे माहीत आहे. म्हणूनच आधी सांगून ठेवते.

तुझी
धाकटी

शनिवार, ९ मार्च

ताई,

काल तू फोनवर म्हणालीस, "यंत्र काय सांगणार तुला? हात दाखवून अवलक्षण." आज जे झालं ते ऐकून तू खूश होशील. तरी सांगते, कारण या पत्रांत काही लपवायचं नाही असं मी ठरवलं आहे.

केंद्राची खोली लांबट आहे. भिंतीला लागून संगणक, दोन खुर्च्यांच्या मध्ये पुठ्ठ्याची आडभिंत, म्हणजे शेजाऱ्याची उत्तरं बघायला नकोत. माझ्या शेजारी एक बसचालक होते. एका बोटाने बटण दाबायचे आणि प्रत्येक वेळी हॉर्न वाजवल्यासारखे खाकरायचे.

पडद्यावर एक वाक्य येतं आणि त्याखाली पाच चौकोन, 'फार आवडेल'पासून 'मुळीच आवडणार नाही'पर्यंत. अनोळखी माणसाला एखादी वस्तू घ्यायला पटवणं. बंद पडलेलं घड्याळ उघडणं. दोघांच्या भांडणात पडून समेट करणं. दिवसभर एका जागी बसून बारीक हातकाम करणं. असं चाललेलंच असतं. मधेच तोच प्रश्न वेगळे कपडे घालून परत येतो. मी त्या यंत्राचं नाव सासूबाई ठेवलं आहे. लग्न केलं नाही म्हणून सासू चुकली असं मला वाटत होतं, तर ती इथे माझी वाट बघत बसली होती. सारखं विचारते, फिरवून फिरवून विचारते, आणि काहीही उत्तर दिलं तरी चेहरा मख्ख.

मी भराभर उत्तरं दिली. कुठे अडले नाही. बसचालक अर्ध्यावरही नव्हते तेव्हा माझी यादी छापून आली.

सगळ्यात वर, विक्री प्रतिनिधी. त्याखाली, सहलींची व्यवस्थापक. मग ग्राहक सेवा विभागाची प्रमुख, आणि मग स्वागतकक्षातली बाई. ताई, मी. दंतवैद्य दारात दिसले की प्लास्टर संपलंय का बघायला जी मागच्या खोलीत पळायची, ती मी.

फटवाल्यांनी यादी वाचली, माझ्याकडे पाहिलं, परत यादी वाचली. म्हणाले, "या कामांत स्वतःला बघता येतंय का?" मी डोळे मिटून बघितलं. मागे सहलीची माणसं आणि पुढे मी, हातात छत्री उंच धरून. मला घाम फुटला. पण म्हटलं, एवढं शिकलेलं यंत्र आहे, त्याला माझ्यातलं काहीतरी दिसलं असेल. सत्तेचाळीस वर्षांत जे मला दिसलं नाही ते.

तर पुढच्या आठवड्यात एका दवाखान्याच्या स्वागतकक्षात दोन दिवस बसून बघायचं ठरलं आहे. केंद्र अशी सोय करून देतं. तू हसते आहेस ते मला इथपर्यंत ऐकू येतंय. हस. मी जाणार आहे.

तुझी
धाकटी

सोमवार, १८ मार्च

ताई,

दवाखान्यातले दोन दिवस दुसऱ्या दिवशी दुपारीच संपले. तिथल्या मुख्य बाईंनी मला घालवलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी मला फार प्रेमाने घरी पाठवलं. टेबलावरचा फोन वाजत होता, समोर माणसं खोळंबली होती, आणि मी एका आजींच्या चष्म्याची निखळलेली दांडी बसवत होते. दांडी उत्तम बसली. आजी खूश झाल्या. बाकी सगळे माझ्याकडे असे बघत होते की मला माझा पहिला दिवस आठवला, शाळेतला.

आज फटवाल्यांपुढे जाऊन बसले आणि सांगितलं, "तुमच्या यंत्राचं चुकलं."

त्यांनी वाद घातला नाही. माझी उत्तरं पडद्यावर उघडली. म्हणाले, "घासाघीस करणं, फार आवडेल. शेवटची घासाघीस कधी केलीत?"

मी म्हटलं, "ती ताई करते."

"नव्या माणसांशी ओळख काढणं, फार आवडेल."

"ताईची लगेच निघते. बसथांब्यावरसुद्धा."

"तासन्‌तास बारीक हातकाम, मुळीच आवडणार नाही."

"ताईला त्याचा कंटाळा येतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, परीक्षेला कोण बसलं होतं?"

मला आधी कळेना, मग कळलं. ताई, कार्यशाळेत बाहेरचं कुणी काही विचारलं की उत्तर तुझं असायचं. तू नसलीस तरी तुझंच. फोनवर कुणी विचारलं, "उद्यापर्यंत कवळी मिळेल का?" की मी तुझ्यासारखं ठसक्यात म्हणायचे, "का नाही मिळणार?" आणि मग मान मोडेपर्यंत बसायचे. दुकानाला विचारलेल्या प्रश्नाला ताई काय म्हणेल ते सांगायचं, ही माझी सवयच होती. सासूबाईंनी विचारलं तेव्हाही मी दुकानाच्या वतीने उत्तरं देऊन मोकळी झाले. म्हणून तर कुठे अडले नाही. तुझं मन मला पाठ आहे.

मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. फटवाल्यांनी खणातून रुमालांचा डबा काढून पुढे सरकवला. तो तिथेच असतो, म्हणजे रडणारी मी पहिली नसावी. मग तुझा भयंकर राग आला. तू नवीन मालकांना माझ्या वतीने उत्तर दिलंस त्याचा होताच, आता हाही.

परत बसले. या वेळी वेळ लागला. प्रत्येक प्रश्नाला आधी तुझा आवाज यायचा. तो संपेपर्यंत थांबायचं, मग मला काय वाटतं ते शोधायचं. काही ठिकाणी काहीच सापडेना. आजही शेजारी आलेले ते बसचालकसुद्धा उठून गेले, मी बसूनच.

यादी आली. दागिने घडवणं, घड्याळदुरुस्ती, जुन्या वस्तूंचं जतन, शस्त्रक्रियेच्या हत्यारांची देखभाल. वाचताना घाम फुटला नाही. पण मला हवं होतं ते त्यात नव्हतं. केंद्राच्या जिन्यात सरकारी रुग्णालयाचं एक पत्रक लावलंय, मी पहिल्या दिवसापासून ते येता-जाता वाचते. कृत्रिम कान, नाक, डोळे तयार करायचं प्रशिक्षण. अपघातात किंवा आजारात ज्यांचे गेले त्यांच्यासाठी. मी फटवाल्यांना म्हटलं, "हे यादीत का नाही?"

ते म्हणाले, "यंत्रालाच विचारा." आणि त्यांनी मला कोपऱ्यातलं एक बटण दाखवलं. यादीत नसलेलं काम आपण लिहायचं आणि ते दाबायचं. बटणाचं नावच 'का नाही?' असं आहे.

मी दाबलं. एका ओळीत उत्तर आलं. 'शिक्षण: बारावी विज्ञान आवश्यक. इतर सर्व बाबी जुळतात.'

ताई, आपल्या घरात हे बटण नव्हतं. बाबांना 'का नाही' विचारलं की ते म्हणायचे, नाही म्हणजे नाही. तुला विचारलं की तू म्हणायचीस, तुझ्याच भल्यासाठी. आणि इथे एक यंत्र सरळ सांगतं की अडचण एवढीच आहे, बाकी तुझं तू बघ. मला त्या बटणाचं वेडच लागलं. जहाजाची कप्तान, का नाही? 'दीर्घकाळ घरापासून दूर राहण्यास अनुत्सुक.' बातम्या सांगणारी, का नाही? 'मोठ्या समूहासमोर बोलणे टाळता.' पटलं मला. भांडण नाही.

मी फटवाल्यांना विचारलं, "आता तुम्हीच सांगा, कानाच्या कामासाठी अर्ज करू की नको?"

ते म्हणाले, "ते सांगायचा पगार मला मिळत नाही. हातकामाची चाचणी बघून विभाग अट कधी कधी पुढे ढकलतो, एवढं मी विचारून देईन. अर्ज करायचा की नाही ते तुमचं."

मी तिथेच केला.

तुझी
धाकटी

बुधवार, २७ मार्च

ताई,

रविवारचा तुझा फोन अजून कानात आहे. मी मधे काही बोलले नाही, कारण तू जागाच ठेवली नाहीस. आता शांतपणे एकेक घेते.

"या वयात बारावीच्या पोरांबरोबर बसणार?" बसेन. त्यांच्या डोक्यावर थोडीच बसणार आहे.

"कान करणार? लोकांचे कान?" हो. आजवर दात केले तेव्हा तुला लाज वाटली नाही. दात तरी कुणाचे होते, आपले?

"चाचणीत नापास झालीस तर?" तर नापास होईन. तुझ्या मधल्या खोलीत मी कशातच नापास होणार नाही, हीच तर मला भीती आहे.

"लोक काय म्हणतील?" कुठले लोक? आपल्याला ओळखणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या तोंडात आपण केलेले दात आहेत. त्यांनी जरा जपूनच बोलावं.

आणि शेवटचं, जे तू रडत म्हणालीस. "मी तुझ्यासाठी सगळं सोडलं. आई गेली तेव्हा तू केवढीशी होतीस. धाकटीला बघायचं आहे म्हणून मी बाहेरची नोकरी घेतली नाही, बाबांच्या कार्यशाळेत राहिले." हे खरं आहे. तू माझी वेणी घातलीस, माझ्या शाळेत जाऊन भांडलीस, मला ताप आला की उशाशी बसलीस. मी ते विसरलेले नाही आणि विसरणार नाही. पण ताई, त्यासाठी मी जन्मभर केवढीशीच राहू का?

चिरंजीवांचाही फोन आला होता. "मावशी, आईचं ऐक. तुलाही आधार, आईलाही सोबत." मी विचारलं, आईला सोबत कशाला, घर भरलेलं आहे की. तो मग म्हणाला की तुला करमत नाही. तू दिवसभर गॅलरीत उभी राहून खालच्या दुकानदाराशी बोलतेस, इमारतीतल्या सगळ्यांच्या भाजीचे भाव तूच करून देतेस, लिफ्टमध्ये भेटेल त्याची चौकशी करतेस. सूनबाईंना संकोच वाटतो. त्यांनी तुला 'जरा कमी बोला' असं सांगितलं, तेव्हापासून तू गप्प असतेस.

तू गप्प. हे ऐकून मला कसं झालं ते मला लिहिता येत नाही. तू हे मला कधी सांगितलं नाहीस. फोनवर नातीच्या दाताबद्दल एवढं बोललीस, पण हे नाही. दाखवायचे दात वेगळे, हे आपल्या धंद्यात राहून तू चांगलंच शिकलीस.

तर मग खरं सांग. तिकीट तू मला सांभाळायला पाठवलंस, की तुला बोलायला कुणीतरी हवं म्हणून? रागाव हवं तर. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावले तरी कुठे जाणार.

माझी चाचणी अकरा एप्रिलला आहे. मेण कोरायच्या माझ्या सुऱ्या मी सामानाच्या विक्रीतून काढून एप्रनच्या खिशात ठेवल्या होत्या. नव्या मालकांना सांगायचं असेल तर सांग. मी परत देणार नाही.

तुझी
धाकटी

शुक्रवार, १२ एप्रिल

ताई,

चाचणी झाली. निकाल अजून नाही. काय झालं ते जसंच्या तसं सांगते.

रुग्णालयाच्या मागच्या बाजूला तो विभाग आहे. मोठ्या खिडक्या, कारण रंग दिवसाच्या उजेडात जुळवावे लागतात. कपाटात डोळे ठेवलेत, तपकिरी, करडे, पिवळट. आत गेल्या गेल्या सगळे माझ्याकडे बघत होते. पण मेण तापल्याचा वास आला आणि मी सावरले. तो वास आपला.

विभागप्रमुख बाई उंच आहेत, कमी बोलतात. त्यांनी एका सुतारांना खुर्चीत बसवलं होतं. यंत्रात सापडून त्यांचा उजवा कान गेला आहे. डावा शाबूत. मला सांगितलं, "याच्या जोडीचा उजवा कान मेणात कोरा. हवा तेवढा वेळ घ्या."

मी घेतला. ताई, कान कोरणं सोपं नाही. दाताला चार बाजू असतात, कानाला बाजूच नाहीत, सगळी वळणंच आहेत. मी डाव्या कानाची मापं घेतली, मान खाली घातली आणि बसले. सुतारांनी दोन-तीनदा काहीतरी बोलायला सुरुवात केली. मी हुं हुं केलं. ते गप्प झाले. नंतर चहा प्यायला म्हणून उठून गेले, मी तेव्हाही मान वर केली नाही.

कान झाला. सुंदर झाला, खोटं कशाला बोलू. डाव्याची हुबेहूब जोडी. बाईंनी तो खिडकीपाशी नेला, फिरवून फिरवून पाहिला. म्हणाल्या, "हात चांगला आहे." मी फुगले. मग त्यांनी विचारलं, "त्यांच्याशी बोललात का?"

मी म्हटलं, "मापं घेतली की."

"मापं घेतलीत. बोललात का?"

मला तुझं वाक्य आठवलं, "तिला माणसांत जमत नाही." आणि ताई, त्याच वेळी आपल्या कार्यशाळेतल्या त्या आजीही आठवल्या, ज्यांच्यासाठी मी मोत्यासारखी सरळ कवळी केली होती. तू म्हणालीस, "पुढचा एक दात जरा आत वळव. तिने मला जुना फोटो दाखवलाय, तिचा दात तसाच होता." मी कुरकुरत वळवला. आजींनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "हो, ही मीच." तेव्हा शाबासकी मला मिळाली. पण दात वळवायचा हे मला कधी सुचलं नसतं, कारण फोटो मी मागितलाच नसता.

दुसरं कुणी असतं तर 'पुढच्या वेळी लक्षात ठेवीन' म्हणून सुऱ्या गोळा केल्या असत्या. तुझं म्हणणं खरं ठरत होतं म्हणून मला तुझाच राग आला, आणि त्या रागाच्या भरात मी दार उघडून बाहेर गेले. चहा पिऊन आलेले सुतार आता घरी निघून व्हरांड्याच्या टोकाशी पोचले होते. मी हाक मारली, आणि पुढे काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. ते थांबले. मी म्हटलं, "तुम्ही मघाशी काहीतरी सांगत होतात. मी ऐकलं नाही. परत सांगाल का?"

ते म्हणाले, "काही नाही हो बाई. पेन्सिलचं विचारत होतो. मी पेन्सिल उजव्या कानावर ठेवायचो. आता डाव्यावर ठेवतो, पण हात अजून उजवीकडेच जातो. दिवसातून दहादा जातो आणि तिथे काही नसतं."

मी त्यांना परत आत आणलं. पेन्सिल मागितली. ती कानावर कशी टेकायची, कान डोक्यापासून किती बाहेर होता, वरचा काठ कसा होता, सगळं विचारलं. माझा आवाज चिरका येत होता. बाई खिडकीशी उभ्या राहून बघत होत्या. मी सुंदर कानाचा वरचा काठ कापला आणि जाड केला. आता तो डाव्याची जोडी वाटत नाही. बाई एवढंच म्हणाल्या, "यावरून जो पक्का कान बनेल, त्याने पेन्सिल धरली जाईलच असं मी त्यांना वचन देणार नाही. पण कान किती बाहेर हवा, हे त्यांच्याशिवाय कुणी सांगितलं नसतं."

सुतारांनी मेणाचा कान जागेवर धरून आरशात पाहिलं. मग त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला. मी पुढचं बघितलं नाही, सुऱ्या पुसत बसले.

निकाल आठवड्याने. नाही म्हणाल्या तर मी त्यांनाही विचारणार आहे, का नाही.

तुझी
धाकटी

सोमवार, २२ एप्रिल

ताई,

मला घेतलं. पुरतं नाही, अर्धंच. सहा महिने उमेदवारीवर, मदतनीस म्हणून, आणि या वर्षी संध्याकाळच्या वर्गात बारावी विज्ञानाला बसायचं या अटीवर. सहा महिन्यांनी बाई परत बघणार. तेव्हा घालवलं तर मी रस्त्यावर, हे मला ठाऊक आहे आणि तुला ते मोठ्याने म्हणायची गरज नाही. मी हो म्हटलं. या वेळी विचारलं मला आणि उत्तरही मीच दिलं.

रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली आहे. नळ ठिबकतो, खिडकी पूर्वेला आहे. नळ मी काल दुरुस्त केला, खिडकी आहे तशीच चांगली आहे. शनिवारी सामान हलवते.

तिकीट या पाकिटात परत पाठवते आहे. परतीचं तिकीट काढून माझ्या सुट्टीत बोलावलंस तर पहिली धावत येईन.

पाकिटात आणखी एक कागद आहे. फेकू नकोस, आधी वाच. सासूबाईंनी दिलेली ती पहिली यादी आहे. विक्री प्रतिनिधी, सहलींची व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभागाची प्रमुख. मी ती फाडणार होते. फटवाले म्हणाले, "फाडू नका. ज्यांची आहे त्यांना द्या." तेव्हा मला उमजलं की माझ्या चुकीतून तुझी परीक्षा होऊन गेली आहे. ताई, तू चार माणसांत उभी राहिलीस की त्यांची सहल होते, हे त्या यंत्राने तुला न बघता ओळखलं. आणि तू एका गॅलरीत गप्प उभी आहेस.

पण या यादीवर विश्वास ठेवू नकोस. ती उत्तरं मी दिली आहेत, तुझ्या वतीने, तुला न विचारता. तू माझ्या वतीने दिलीस तशीच. तुझं मन मला पाठ आहे असं मी मागे लिहिलं, पण तू गप्प असतेस हे मला तुझ्या मुलाकडून कळलं, तेव्हा पाठ असलेलं किती जुनं आहे कोण जाणे. तू स्वतः जाऊन बस. तुझ्या शहरातही असंच केंद्र आहे, पत्ता यादीच्या मागे लिहिला आहे. फोन करू नकोस, प्रत्यक्ष जा. फोनवर तू त्यांना बोलू देणार नाहीस.

साठीला आलेय, आता कसलं काम, असं म्हणशील. मी विचारून घेतलं आहे. यातल्या एकाही कामापुढे त्यांनी वयाची अट घातलेली नाही.

प्रश्न आले की घाई करू नकोस. आधी बाबांचा आवाज येईल, मग मुलाचा येईल, मग माझाही येईल. सगळे संपू देत. तुझा शेवटी येतो, मला माहीत आहे. मग यादी आली की हवं ते काम घे, नसलेलं स्वतः लिही, आणि 'का नाही' दाब. जे कारण येईल ते मला कळव, दोघी मिळून त्याच्याकडे बघू.

फक्त एक कारण मी तुझ्याकडून परत घेते आहे. 'धाकटीला बघायचं आहे.' ते आता तुला कुठेही लावता येणार नाही.

उरलेला अर्धा नमस्कार सोबत पाठवला आहे. दोन्ही जोडून घे.

तुझीच
धाकटी